वाटून खाल्लेल्या गोळ्या

गोवर्धनजी गावंडे एकटे बसून काही खाताना दिसले, असं टाकळीतला एकही माणूस सांगणार नाही. हातात केळं आलं की त्याचे दोन तुकडे होणारच. समोर कुणी नसलं तर केळं कोनाड्यात जायचं आणि दारावरून जो पहिला जाईल त्याला हाक जायची. एकदा चांदूर रेल्वेच्या फलाटावर त्यांनी फुटाण्याची पुडी घेतली आणि शेजारच्या अनोळखी पोलिसाला "घ्या ना साहेब, घ्या" करून निम्मी खायला लावली. पोलिसाला वाटलं, या माणसाचं नक्की काहीतरी काम अडलेलं आहे. गाडी आली, गोवर्धनजी राम राम करून चढले, तरी तो बिचारा काम विचारायला डब्याच्या दारापर्यंत मागे आला होता.

हे वळण आईचं. "एकट्यानं खाल्लेला घास अंगी लागत नाई बाप्पा," असं ती म्हणायची. घरात भाकरी चार आणि खाणारी तोंडं सात होती तेव्हा म्हणायची, म्हणून ते पोराच्या हाडात बसलं. आता पोराचं वय एकसष्ट झालं, आई जाऊन वीस वर्षं झाली, पण घास काही एकट्याचा झाला नाही.

अशा माणसाच्या हाती गावानं पंगत सोपवली यात नवल नाही. टाकळी म्हणजे चांदूर रेल्वेहून कौंडण्यपूरकडे जाताना लागणारं लहानसं गाव. गोवर्धनजींची तिथे चार एकर काळी जमीन, तूर-कापूस, पोटापुरता संसार. पण पंचक्रोशी त्यांना ओळखायची ती रोडग्यांवरून. जाडसर कणकेच्या लहान लहान पाऱ्या लाटायच्या, तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्यांचा गोळा वळायचा आणि तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, म्हणजे रोडगा. वरून खरपूस, आतून पदर सुटलेला. त्यावर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. लाटणारे, वळणारे हात गावात पुष्कळ होते. खरी कसोटी भाजण्याची. निखाऱ्यात हात घालून रोडगा अंगठ्यानं दाबायचा. तो किती दबतो आणि किती चटका देतो, यावरून आत कच्चा आहे की झाला, ते समजलं पाहिजे. गोवर्धनजींच्या उजव्या अंगठ्याला ते पस्तीस वर्षं समजत होतं. हनुमान जयंतीला मारुतीच्या देवळापुढे सगळं गाव जेवायचं, त्या दिवशीची आग त्यांची. एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही. पण त्या दिवशी आगीपाशी दुसरा कुणी फिरकला तर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत, हेही सांगायला पाहिजे.

त्यांचं स्वतःचं खाणं मात्र साधं. गळ्यात लहानपणापासून तुळशीची माळ, त्यामुळे मटण-अंड्याची बातच नव्हती. राहिलं दूध. बारा वर्षांमागे ते वडिलांच्या अस्थी घेऊन काशीला गेले. काशीला गेलं की एखादा जिन्नस जन्मभरासाठी सोडायचा, ही आपल्याकडची रीत. माणसं इथे मोठी हुशारी दाखवतात. त्यांच्यासोबतच्या एकानं कारलं सोडलं, दुसऱ्यानं जन्मात न चाखलेला फणस सोडला. गोवर्धनजींनी गंगेत उभं राहून, आपल्याला सगळ्यात जास्त आवडतं ते सोडलं. दही. आणि दही सोडून दूध कशाला धरून ठेवायचं, म्हणून दूध, ताक, लोणी, तूप, सगळंच. देवाशी लबाडी नाही, हा त्यांचा बाणा. घरी आल्यावर म्हैस मेहुण्याच्या दावणीला बांधली आणि त्या दिवसापासून गावंड्यांच्या घरात चहा काळा झाला.

बाकी ताट भरलेलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, जवसाची चटणी, ठेचा, त्यावर कच्चं तेल. हिवाळ्यात वांग्याचं भरीत आणि तुरीच्या शेंगा. "माह्या ताटात काय कमी हाय?" असं ते छाती काढून विचारत, आणि खरोखरच कुणाला काही सापडत नसे.

कार्तिकात एका शेतावर रोडग्यांचं जेवण होतं. गोवर्धनजी उकिडवे बसून निखाऱ्यात हात घालत होते. देवळाच्या पंचमंडळाचे अध्यक्ष महादेवराव, म्हणजे गावच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, मागे उभे होते. ते हवा हुंगत म्हणाले, "गोवर्धन, कायतरी जळून राहिलं गड्या."

"वांगे असतीन," गोवर्धनजी म्हणाले.

वांगी नव्हती. निखाऱ्याचा एक तुकडा त्यांच्याच अंगठ्याला चिकटला होता आणि कातडी चरचरत होती. गोवर्धनजींनी अंगठा डोळ्यांपुढे धरला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा पाहिला. त्या दिवशी निम्मे रोडगे कच्चे निघाले, निम्मे करपले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा पंगतीतल्या लोकांनी पानात रोडगे टाकले आणि उठून हात धुतले. ते त्यांना फार लागलं.

खरं तर सहा महिन्यांपासून बोटांना मुंग्या येत होत्या. पाऊल जमिनीवर पडलं की कापसाच्या ढिगावर पडल्यासारखं वाटे. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि यांना पुढच्या वळणावर कळायचं. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. वय झालं, दुसरं काय, असं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी महादेवराव आले. बराच वेळ कपाशीच्या भावावर बोलले, मग हळूच मुद्द्यावर आले. "अमरावतीचा एक केटरर हाय म्हनते. लोखंडाची भट्टी आनते गाडीवर. हजार रोडगे दोन घंट्यात. मंडळातले पोट्टे म्हनून राहिले, यंदा हनुमान जयंतीले त्याले सांगू."

"तुमी काय म्हनता?"

"मी म्हटलं, धुळवडीपर्यंत थांबा. तोवर हात सुधरला त आग तुहीच."

महादेवराव गेले आणि गोवर्धनजी ओसरीवर बसून राहिले. त्यांना भीती वाटली. शेती पोरंही करतात, भजन कुणीही म्हणतं. पण त्या आगीपाशी बसलं की गाव त्यांच्याकडे बघायचं. ती आग गेली तर आपण गावात कोण, हा प्रश्न त्यांनी आजवर स्वतःला विचारला नव्हता.

एकुलती मुलगी संध्या अकोल्यात दिली होती. तिथेच एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. अंगठ्याची गोष्ट आईकडून तिच्या कानावर गेली आणि तिनं बापाला पॅसेंजरनं बोलावून घेतलं. गोवर्धनजी तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन गेले आणि लॅबमध्ये नंबर लावून बसलेल्या आजारी लोकांना शेंगा वाटू लागले. "बाबा, ते उपाशीपोटी आले हायेत तपासणीले!" म्हणत संध्यानं पिशवी हिसकावली. रक्ताचा कागद आला तेव्हा ती गंभीर झाली. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व निदान दोनशेच्या वर पाहिजे, यांचं शहाण्णव होतं.

तिनं त्यांना अमरावतीला नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी त्यांच्या तळपायाला कापूस लावला, सुई टोचली, डोळे मिटून उभं केलं. मग विचारलं, "खाता काय?"

गोवर्धनजींनी ताट वाढल्यासारखं सगळं सांगितलं, तेलाच्या धारेसकट.

"सुरेख ताट आहे," बाई म्हणाल्या. "अर्ध्या अमरावतीनं असं जेवावं. यातलं काही सोडू नका. फक्त एक गोष्ट यात नाही. बी-बारा धान्यात नसतं, डाळीत नसतं, पालेभाजीत नसतं. आणि ते नसलं की नसा सुकत जातात."

"काळ्या मातीतल्या कोनत्याच पिकात नाई?"

"कोणत्याच नाही."

त्यांना आपल्या वावराची कुणीतरी निंदा केल्यासारखं झालं. "दूध, दही घेत जा," बाई पुढे म्हणाल्या, तेव्हा गोवर्धनजींनी हात जोडले. "दूध काशीले सोडलं."

बाईंनी चष्मा काढला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि वाद घातला नाही. "मग गोळी. रोज एक, जिभेखाली धरायची. बहुतेक जन्मभर."

"जन्मभर?"

"माळ किती दिवसांसाठी घातलीत?"

गोवर्धनजींचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. मग त्यांनी हळूच विचारलं, "गोळीत जनावराचं काई नसते ना?"

"नाही. सूक्ष्म जंतूंकडून तयार करून घेतात. म्हणजे बघा, दही लागतं ना, तसं..."

"दही?" गोवर्धनजी खुर्चीतून अर्धे उठले.

"दही नाही!" बाई आणि संध्या एकदमच ओरडल्या.

साठ गोळ्या घेऊन गोवर्धनजी टाकळीला आले. लालसर, वाटाण्याएवढ्या, चवीला गोड. आणि इथे त्यांनी ती चूक केली, जी त्यांच्यासारखा माणूसच करू जाणे. गोळी हातात घेतली, तोंडाशी नेली आणि हात थांबला. एवढी ताकदीची चीज, अन् एकट्यानं खायची? आईचा शब्द आठवला. असली गोळी अंगी लागेल कशी?

गुरुवारी संध्याकाळी देवळात प्रार्थना व्हायची. नेमानं येणारी माणसं त्यांना धरून चौदा. गोवर्धनजींनी पंगतीच्या आचाऱ्याचा हिशेब केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या रोज एक, म्हणजे आठवड्याच्या सात. माणसं चौदा, म्हणजे अर्धी अर्धी. जेवणारे वाढले तर वरणात पाणी वाढवतात, त्यातलाच प्रकार. प्रार्थना झाली की त्यांनी अडकित्त्यानं गोळ्या फोडल्या आणि प्रसादासारख्या वाटल्या. "ताकदीची गोळी हाय. जिभेखाली धरा." स्वतः अर्धी घेतली, तीही सगळ्यात शेवटी. शेजारच्या तानुबाईंनी तर दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की गुडघे हलके झाले. गोवर्धनजींना फार बरं वाटलं. औषध गुणाचं आहे, आपल्यालाही लागू पडेलच, अशी त्यांची खात्री झाली.

अकोल्याहून फोन यायचा. "बाबा, गोळ्या बरोबर संपून राहिल्या ना?"

"हव, एकदम बरोबर," ते सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. साठ गोळ्या दोन महिन्यांत संपल्या.

हाताची मात्र गत तीच. जानेवारीच्या शेवटी पुन्हा रक्त तपासलं, आकडा आला एकशे एकवीस. संध्याचं धाबं दणाणलं. दोन महिने रोज गोळी घेऊन रक्त एवढंच वाढतं म्हणजे काय? डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, गोळी पोटात शोषली जात नसावी. नळी घालून जठर तपासू, आत काही वाईट नाही ना याची खात्री करून घेऊ. 'काही वाईट' या शब्दांचा अर्थ लॅबमध्ये काम करणाऱ्या पोरीला कुणी सांगायची गरज नव्हती. ती रजा टाकून टाकळीला आली, उद्या सकाळी बापाला अमरावतीला नेण्यासाठी. गोवर्धनजी आपल्या हाताकडे बघत बसले होते आणि दुर्गाबाई, त्यांची बायको, उगाच स्वच्छ भांडी पुन्हा घासत होत्या.

तेवढ्यात तानुबाई दारात आल्या.

"आज गुरुवार हाय. गोवर्धनजी देवळात येत नाई म्हनते, तं म्हटलं माही अर्धी घरूनच घेऊन जातो."

"कोनती अर्धी, मावशी?" संध्यानं विचारलं.

"ताकदीची गोळी वं! लाल. दोन महिने झाले, दर गुरुवारी वाटते तुहा बाप. लय पुण्याचं काम करून राहिला. संपल्या म्हनते, पन एखादी असन त पाहाय ना."

संध्या बापाकडे बघत राहिली. मग तिला आधी हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. "बाबा, मी चार दिवस झोपली नाई. मले वाटलं तुमच्या पोटात काय निघते अन् काय नाई. अन् तुमी गोळ्या वाटल्या? औषध वाटलं?"

"एकट्यानं कसं खावं बेटा," गोवर्धनजी खाली मान घालून म्हणाले. "मले बराबर नाई वाटलं."

"चौदा जनाइले वाटलं."

"हव."

संध्या डोळे पुसत थांबली आणि तिनं साधाच प्रश्न विचारला. "आईले देली?"

गोवर्धनजींनी तोंड उघडलं. मग बोटांवर नावं मोजली. तानुबाई, महादेवराव, पुजारी, हा, तो, चौदाच्या चौदा. पुन्हा मोजली. दर गुरुवारी त्या वेळी दुर्गाबाई चुलीपुढे असायच्या, ते देवळातून आले की गरम भाकरी पानात पडावी म्हणून.

"मले कायले पायजे गोळी?" दुर्गाबाई म्हणाल्या. "मले काय झालं?"

पण संध्याचं लक्ष आता आईच्या पायांकडे गेलं होतं. माघाच्या थंडीत बाई ओल्या मोरीत अनवाणी उभी होती. संध्यानं खोदून विचारलं तेव्हा निघालं की दोन वर्षं तळपायांची आग होते, दुपारी कुणी नसलं की त्या बादलीत पाय घालून बसतात, आणि सुईत दोरा ओवणं कधीच सुटलं. "उन्हाचं होत असन," असं त्या म्हणाल्या. माघात! संध्यानं तिथल्या तिथे आईचं रक्त काढून अकोल्याला नेलं. नळीची तपासणी डॉक्टरीणबाईंनी रद्द केली. त्या फोनवर इतक्या हसल्या की संध्याला फोन कानापासून दूर धरावा लागला. चार दिवसांनी दुर्गाबाईंचा आकडा आला. एक्क्याऐंशी. नवऱ्याच्या पहिल्या आकड्याहून खाली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावाला वाटून खाणाऱ्या माणसाच्या घरात, त्याच्या मागून जेवणारी बायको पस्तीस वर्षं उरलंसुरलं खात होती, आणि त्यानं ते कधी पाहिलंच नव्हतं. गोवर्धनजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुपारी दुर्गाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या, तिथे जाऊन बसले.

"मी काशीले सोडलं," ते म्हणाले. "तू काहून सोडलं दूध?"

"मी कुठं सोडलं?" दुर्गाबाई सूप न थांबवता म्हणाल्या. "घरात येतच नव्हतं."

गोवर्धनजींना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. दुर्गाबाईंनी सूप खाली ठेवलं, पदर पुढे केला आणि म्हणाल्या, "पुरे आता. तुरीत पानी पडून राहिलं."

डॉक्टरीणबाईंनी तूर्त गोळीचा नाद सोडला आणि दोघांनाही इंजेक्शनं लिहून दिली. एक दिवसाआड, गावच्याच उपकेंद्रात. तिथल्या नर्स सीमाताईंना सगळी हकीकत आधीच कळली होती. गावात कळायला वेळ किती लागतो? त्यांनी सुई भरली आणि गोवर्धनजींपुढे धरली. "हं, ही घ्या वाटून. बोलवा चौदा जनाइले."

गोवर्धनजी ओशाळे हसले. मग म्हणाले, "आदी हिले द्या."

संध्यानं पुढच्या गुरुवारी देवळात जाऊन सगळ्यांना फैलावर घेतलं. दुसऱ्याचं औषध खायचं नाही, ज्याच्या हातापायाला मुंग्या येत असतील त्यानं आपलं रक्त आपण तपासायचं. खरोखर तिघांचं कमी निघालं, आणि त्यांची स्वतंत्र औषधं सुरू झाली. तानुबाईंचं मात्र चांगलं साडेतीनशे निघालं. "मंग माहे गुडघे कशानं हलके झाले?" असं त्या अजून विचारतात.

फाल्गुन लागायच्या आत गोवर्धनजींनी एक गोष्ट केली. ते मेहुण्याकडे गेले आणि रोज अर्धा लिटर दुधाचा रतीब लावून आले. काशीचा शब्द त्यांचा होता, दुर्गाबाईंचा नव्हता. "बारा वर्सांनं चहा पांढरा पाहून राहिलो," दुर्गाबाई पहिला घोट घेऊन म्हणाल्या आणि कप संपवूनच खाली ठेवला. दही गोवर्धनजी स्वतः लावायचे. मातीच्या गाडग्यात, कोमट दुधात, बोट बुडवून अंदाज घेत. कधीकाळी जीव की प्राण असलेलं दही बायकोच्या ताटात वाढून ते समोर काळा चहा घेऊन बसत. आश्चर्य म्हणजे त्यांना त्याचं काही वाईट वाटत नसे. पुढे इंजेक्शनं संपली आणि जन्मभराची गोळी सुरू झाली, पण आता गोळीची पाकिटं दोन होती आणि सकाळी दोघं समोरासमोर बसून आपापली जिभेखाली धरत. म्हणजे एकट्यानं खायचा प्रश्नही सुटला.

धुळवडीच्या सकाळी महादेवराव आले. होळीचे निखारे अजून फुललेले होते. "पाच रोडगे लाव," ते म्हणाले. त्यांच्यामागे मंडळाचे चार जण उभे होते. दुर्गाबाईंनी रोडगे वळून दिले. गोवर्धनजींनी ते निखाऱ्यात पुरले आणि वाट पाहिली. मग हात घातला. पहिल्यांदा काहीच नाही. मग अंगठा जरा दाबला, आणि चटका बसला. खरा, झणझणीत, पूर्वीचा. "आई गं!" म्हणून त्यांनी हात झटकला आणि चारचौघांत लहान पोरासारखे हसू लागले. करंगळी आणि शेजारचं बोट अजून बधिर होतं, तिथे काही कळत नव्हतं. अंगठ्याला मात्र कळत होतं. पाचांपैकी चार रोडगे नीट निघाले, एक जरासा कच्चा.

महादेवरावांनी कच्चाच खाल्ला. "केटररले फोन करून देतो," ते म्हणाले, "येऊ नको म्हनून."

हनुमान जयंतीला सकाळी सकाळीच देवळापुढे गोवऱ्या पेटल्या. चैत्राचं ऊन वर चढलं, तसं गोवर्धनजींच्या अंगातून पाणी निथळू लागलं, पण ते आगीपासून हलले नाहीत. या खेपेला त्यांनी मंडळातल्या दोघा जणांना शेजारी बसवून घेतलं होतं आणि प्रत्येक रोडगा दाबून झाला की त्यांनाही दाबायला लावत होते. आगीपाशी दुसऱ्याला बसवलं, हे पाहून गाव चकित झालं. देवाला नैवेद्य गेला. पहिली पंगत बसली. टाकळीत पहिली पंगत पुरुषांची, आणि आगीवाल्यानं देवाचा जयघोष केल्याशिवाय पानाला कुणी हात लावत नाही. पानं वाढली गेली, रोडगे फुटले, वर तूप ओतलं गेलं. शे-सव्वाशे माणसं गोवर्धनजींकडे बघू लागली.

गोवर्धनजी उभे होते. बोलत नव्हते.

"बोला ना गोवर्धनजी!" कुणीतरी ओरडलं.

"एक पान रिकामं हाय," ते म्हणाले.

महादेवरावांच्या शेजारी खरंच एक पान मांडलेलं होतं, वाढलेलं, आणि त्यावर कुणी नव्हतं. त्याच्या कडेला दह्याची वाटी होती. गोवर्धनजी चालत बायकांच्या घोळक्याकडे गेले. दुर्गाबाई तिथे परातीवर वाकून दुसऱ्या पंगतीची कणीक तिंबत होत्या.

"चाल," ते म्हणाले. "जेवाले बस."

"मी?" दुर्गाबाई दचकल्या. "तुमाले याड लागलं का? मी मांगून बसतो, तुमच्यासंग. लोक काय म्हनतीन?"

"आज तू आदी."

त्या हलेनात. ते परत जाऊन आपल्या जागी उभे राहिले, तोंड मिटून. सव्वाशे माणसं हात आखडून बसली होती. कुणी हसलं, कुणी कुजबुजलं, मग तेही थांबलं. शेवटी तानुबाईंनी दुर्गाबाईंच्या हातातली परात ओढून घेतली. "बस वं माय लवकर. रोडगे थंडे होऊन राहिले."

दुर्गाबाईंनी हाताची कणीक खरवडून काढली, हात धुतले, पदर सारखा केला. सगळ्या पंगतीसमोरून चालत त्या त्या पानावर जाऊन बसल्या. रोडग्याकडे पाहिलं, दह्याकडे पाहिलं, आणि मग मान वर करून नवऱ्याकडे.

"आता बोला," त्या म्हणाल्या.

पण गोवर्धनजी, त्यांचा रोडगा थंड झाला म्हणून, निखाऱ्यातून दुसरा दाबून काढायला बसले होते. शेवटी जयघोष महादेवरावांना करावा लागला.